उजव्या काठाचे जाणकार

आमच्या सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत, तुमच्याही असतील. नोकरीतून निवृत्त, मुलगी युरोपात आणि बोर्दोची एक सहल पदरी. ‘दारू’ हा शब्द त्या सहलीनंतर त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच.

‘‘जिरोंदच्या डाव्या काठाला काबर्ने सोविन्योंचा जोर, दोर्दोन्यच्या उजव्या काठाला मेर्लोचा. आपण उजव्या काठाचे,’’ हे ते अशा थाटात सांगतात, की सातबारा सेंत एमिलिओंच्या तलाठ्याकडेच असावा. मेर्लोला कुणी हलकं लेखलेलं त्यांना खपत नाही. 2004 च्या ‘साइडवेज’मधला नायक मेर्लोच्या नावानं खडे फोडतो, पण तोच जिवापाड जपतो त्या 1961 च्या शव्हाल ब्लांमध्येही मेर्लो असते, हे त्यांनी वॉचमनलासुद्धा पटवून दिलंय.

परवा आम्हाला बोलावणं होतं. बाटली उघडून तासभर काचपात्रात ‘श्वास घेत’ होती. आम्ही रोखून धरला होता. थर्मामीटरनं सतरा अंश दाखवल्यावर ग्लासात दोन बोटं वाइन पडली. ‘‘आधी फिरवा. आता नाक घाला. काय येतंय?’’

‘‘कोकम,’’ शेजारचे जोशी म्हणाले.

‘‘आलूबुखार! मागून ओली माती, देवदार, किंचित चामडं.’’

चामडं म्हटल्यावर जोशींनी ग्लास लांब धरला. ‘‘पण चढते का हो?’’ यजमानांनी डोळे मिटले. मैफलीत यमन रंगात असताना कुणी लावणीची फर्माईश करावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

खरा जीव मात्र बेडरूममधल्या 2010 च्या सेंत एमिलिओंवर. ती आडवी निजते, बूच सुकू नये म्हणून. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की एसी दिवसभर तिच्यासाठी चालतो. वहिनी भाजी निवडायला तिथेच बसतात. वाइनचा त्यांना झालेला हा एकमेव फायदा. सासरे आले की त्यांना हॉलमधला पंखा.

ही बाटली मुलीच्या लग्नात व्याह्यांसाठी फोडायची, असं ठरलं होतं. आदल्या रात्री ती हातात घेऊन ते बराच वेळ बसले, म्हणे. ‘‘घाई होतेय,’’ म्हणाले. वहिनींच्या काळजात धस्स झालं.

‘‘लग्नाची नाही गं. टॅनिन अजून मवाळ व्हायचंय.’’

व्याह्यांची पन्ह्यावर बोळवण झाली.