पुन्हा सांगा

म्हैसूरहून हुणसूर रस्त्याने निघालं की हूटगळ्ळी लागतं. 2020 साली इथे नगरसभा झाली, पण गावाची खरी ओळख अजूनही इंडस्ट्रियल एरिया हीच. कारखाने आले तशी माणसंही चहूकडून आली. एका मशीनपाशी चार जण उभे असले तर चार मातृभाषा निघतात. तरी माल वेळेवर निघतो, भाजी विकली जाते, भांडणं होतात आणि मिटतातही. हे कसं जमतं, याचा विचार मी कधी केला नव्हता. मग आई-बाबा साताऱ्याहून माझ्याकडे राहायला आले आणि घरबसल्या संवादशास्त्राचा अभ्यास सुरू झाला.

आईला कन्नड येत नाही. शेजारच्या अक्कांना मराठी येत नाही. या क्षुल्लक अडचणीकडे दोघींनी पहिल्या दिवसापासून दुर्लक्ष केलं.

थंडीत इकडे अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा हंगाम असतो. एका सकाळी अक्का भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं घेऊन कुंपणाशी आल्या. एक दाणा चिमटीत धरून त्यांनी दाबला. साल बोटात, दाणा वाटीत. आईने दुसरा दाबला. तो टुणकन उडून कढीपत्त्यात गेला. दोघी खळखळून हसल्या. मग आईने तोंडाने कुकरची शिट्टी काढून तीन बोटं दाखवली. अक्कांनी कपाळाला हात लावला आणि एकच बोट वर केलं. "एकच? नाहीतर लगदा होतो म्हणता?" असं म्हणत आईने मुठीत लगदा करून दाखवला. "हौदु, हौदु!" अक्का म्हणाल्या. आईने तरी पुन्हा एक बोट दाखवून खात्री करून घेतली. संध्याकाळी आमटी फक्कड झाली.

आता घरातला संवाद ऐका. दोघांची मातृभाषा मराठी, संसार चाळीस वर्षांच्या वरचा.

"अगं, ते कुठाय?"

"तिथंच आहे."

"तिथं नाहीये."

"मग त्याच्या मागं बघा."

'ते' म्हणजे काय, 'तिथं' म्हणजे कुठं, हे दोघांपैकी कोणीही विचारत नाही. शेवटी बाबांना चष्मा सापडतो आणि आई म्हणते, "मी किल्ल्यांचं सांगत होते."

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 साली संवादाची आकृती मांडली. एका टोकाला सांगणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा, मध्ये वाहिनी आणि त्या वाहिनीत शिरणारा गोंगाट. टेलिफोनच्या तारांसाठी ती उत्तम आहे. आमच्या घरी गोंगाटाच्या जागी मिक्सर, कुकर आणि टीव्हीवरच्या चर्चा बसतात. पण 'ऐकू आलंय, पण उठायचं नाहीये' यासाठी शॅननने चौकोनच ठेवलेला नाही. गृहस्थ फोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होता; त्याला तारांची काळजी होती, संसाराची नव्हती.

बाबांचे कानच गेलेत, असं आईचं निदान होतं. सुदैवाने वाणी आणि श्रवण यांची अखिल भारतीय संस्था म्हैसूरमध्येच, मानसगंगोत्रीत आहे, 1965 पासून. तिथे बाबांना नेलं. कानावर हेडफोन चढवून, बारीक आवाज ऐकवून रीतसर तपासणी झाली. वयाच्या मानाने कान उत्तम निघाले. बाबा विजयी मुद्रेने बाहेर आले. आईचा चेहरा मात्र पडला. आजार असता तर माफ करता आलं असतं.

भाषेच्या अभ्यासकांनी गप्पांची मोजदादही केली आहे. 2009 साली दहा भाषांमधली बोलणी तपासली, तेव्हा एकाचं थांबणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढं निघालं. तोंडातून एक शब्द काढायची तयारी करायलाही मेंदूला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपलं उत्तर शिजत असतं. आमच्याकडे तर ते वाढूनही झालेलं असतं.

पण मला मोलाचा वाटला तो 2015 सालचा अभ्यास. जगभरातल्या बारा भाषांमधल्या साध्या गप्पा तपासल्यावर दिसलं, की साधारण दर दीड मिनिटाला कोणीतरी "आँ?", "कोण?", "काय म्हणालात?" असं विचारून गाडी रुळावर आणतं. संवादाचं खरं इंजिन हे आहे. माणसं एकमेकांना समजतात ती पहिल्या फटक्यात नव्हे. न समजलेलं लगेच विचारतात म्हणून. आई आणि अक्का भाषा वेगळी असल्यामुळे प्रत्येक गोष्ट तपासून घेतात. आई आणि बाबांनी मात्र आपल्याला एकमेकांचं सगळं कळतं, असं फार वर्षांपूर्वीच ठरवून टाकलंय.

मी आईला कन्नड शिकायचं सुचवून पाहिलं. म्हैसूरमध्ये भारतीय भाषा संस्थान आहे, तिथल्या केंद्रात परराज्यातल्या शिक्षकांना दहा महिन्यांत कन्नड शिकवतात, असंही सांगितलं.

"मला कशाला? आमचं चाललंय की," आई म्हणाली. "मराठी कुठं शिकवतात?"

"त्याच संस्थानाच्या पुण्यातल्या केंद्रात."

"मग यांना धाडा तिकडं."

बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. कान उत्तम आहेत, हे आता कागदोपत्री सिद्ध झालेलं आहे.

तेव्हा वाचकहो, यापुढे घरात कोणी "येताना ते घेऊन या" म्हणालं, तर शहाण्यासारखं "हो" म्हणू नका. "ते म्हणजे काय?" असं तिथल्या तिथे विचारा. चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. पण त्यातला एक बहुधा त्या वस्तूचं नाव असेल.