साहेबांचं हवामान

मुंबईचं हवामान कुलाबा आणि सांताक्रूझ अशा दोन वेधशाळा मोजतात. काचेच्या टॉवरमधलं तिसरं हवामान कुणी मोजत नाही, ते वरून ठरून येतं. मे महिन्यात बाहेर पारा 33 अंशांच्या घरात असतो, तेव्हा बीकेसीतल्या एखाद्या नवव्या मजल्यावर अकाउंट्सच्या बाई खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर चढवत असतात. हा स्वेटर महाबळेश्वरलाही नेला जात नाही. तो ऑफिसचा असतो.

ही थंडी फुकट मिळत नाही. आधी पश्चिमेची अख्खी भिंत काचेची करावी लागते. फोर्टातल्या जुन्या इमारतींना जाड दगडी भिंती, खोल व्हरांडे आणि छताजवळ झरोके होते; असला मागासलेपणा आता नको. काच ऊन बिनबोभाट आत घेते, पण तापलेल्या फरशीची, टेबलखुर्च्यांची उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. थोडक्यात, भरवस्तीत पॉलिहाऊस उभं राहतं, फक्त ढोबळी मिरचीऐवजी आत एमबीए लावलेले असतात. मग डोळ्यांवर ऊन येतं म्हणून पडदे ओढायचे, अंधार झाला म्हणून दिवे लावायचे आणि दिव्यांची उष्णता काढायला एसी वाढवायचा. ज्या देखाव्यासाठी काच बसवली, तो ब्रोशरमध्ये बघायचा.

पावसाळ्यात यंत्रणेला खरा चेव येतो. दमट हवेतलं पाणी काढायचं तर हवा गरजेपेक्षा जास्त गार करावी लागते, तेव्हा कुठे बाष्प थेंबथेंब गळतं. आता ही हवा माणसांना सोसवत नाही, म्हणून काही हॉटेलांत आणि इस्पितळांत ती पुन्हा तापवतात. तीही बऱ्याचदा विजेवर. एकाच हवेचं दोनदा बिल लावण्याची ही कल्पना अजून आमच्या नगरसेवकांना सुचली कशी नाही, याचं नवल वाटतं.

तापमान किती ठेवायचं हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही, सेवाज्येष्ठतेचा आहे. साहेब कोट घालतात. कोटात 24 अंशांना घाम येतो, म्हणून 18. कोट काढावा, ही सूचना अद्याप कोणत्याही मीटिंगच्या अजेंड्यावर आलेली नाही. जपान सरकारनं 2005 साली ती अमलात आणली. उन्हाळ्यात कार्यालयांत 28 अंश आणि कोट-टायला सुट्टी; खुद्द पंतप्रधान कोइझुमी टायविना वावरले. जपान्यांना पदाची अदब कमीच म्हणायची.

आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या नियमानुसार 2020 पासून घरगुती धाटणीचा नवा एसी 24 अंशांवर सुरू होतो. तापमान एक अंश वर नेलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असंही ब्यूरो सांगतो. सुरू झाल्यावर रिमोट कुणाच्या हाती जातो, त्याला ब्यूरो तरी काय करणार? जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी 20 अंशांखाली जाऊच नयेत, असा बेत जाहीर केला, तेव्हा अनेकांना एकदम नागरी स्वातंत्र्य आठवलं. रिमोटवर 16 चा आकडा आहे म्हणजे तो घटनेनंच दिलेला असणार! त्यात 16 वर ठेवलं की खोली झटकन गार होते, ही श्रद्धा. साध्या कॉम्प्रेसरला घाई कळत नाही. तो नेहमीच्याच वेगानं चालतो, फक्त थांबायचं विसरतो.

14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो आणि असल्याच सभागृहांत परिसंवाद भरतात. त्या दिवसांत मुंबईत सकाळी खिडकी उघडली तरी भागतं, पण खिडक्या उघडण्यासाठी केलेल्या नसतात. वक्ते कुडकुडत बचतीचं महत्त्व सांगतात. शेवटी सत्कार होतो. एरवी घडीही न मोडता कपाटात जाणारी शाल इथे हातात पडताक्षणी कानापर्यंत लपेटली जाते, आणि नुसत्या पुष्पगुच्छावर बोळवण झालेले पाहुणे तिच्याकडे आशाळभूतपणे बघत राहतात.