टेस्ट पेज तर बरोबर येतंय!

साडू निवडता येत नाही. प्रिंटर निवडता येतो. पण आमच्या घरातला प्रिंटरही साडूंनीच निवडलेला आहे.

असा एक नातेवाईक तुमच्याकडेही असणार. तुम्ही 'कॉम्प्युटर हँग झालाय' म्हणता, तो 'नेमकं काय झालंय ते सांगा' म्हणतो. तुम्ही कंटाळून फोन ठेवता, तोवर तो निघालेला असतो. आमचे साडूभाऊ पेणचे, आम्ही रोह्याचे; मध्ये कासू, नागोठणे, निडी एवढीच स्टेशनं. रेल्वेने इथे आणखी आठ-दहा स्टेशनं का दिली नाहीत, हा प्रश्न मला अनेकदा पडतो. आमच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज जाऊन उबुंटू लिनक्स आलं ते त्यांच्याच हातून, मी जेवून अंमळ आडवा झालो असताना. उठलो तर चहाबरोबर नवी ऑपरेटिंग सिस्टिम. "फुकट आहे," ते म्हणाले. तेव्हापासून मी तिची किंमत मोजतोय.

लिनक्सचं एक वेळ सोसवेल. सोसवत नाही ते त्यांचं टेस्ट पेज. देऊळ दिसलं की आपण चप्पल काढतो, तसं प्रिंटर दिसला की हे टेस्ट पेज काढतात. बारशाला गेले, टेस्ट पेज. साखरपुड्याला गेले, टेस्ट पेज. एकदा तेराव्याला गेलो होतो, गेलेल्यांचा फोटो छापायचा होता. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "टेस्ट पेज तर बरोबर येतंय!" आमच्या घरात त्या पानांचा नुसता सुकाळ आहे. मुलीच्या भूगोलाच्या वहीला कव्हर टेस्ट पेजचं. इस्त्रीवाल्याचा हिशोब टेस्ट पेजच्या पाठीवर. डाळीच्या डब्यांखाली टेस्ट पेज.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या चाळीस पत्रिका छापायच्या होत्या. आमचा प्रिंटर कलर लेसर. पत्रिका बाहेर आली ती सुतकात असल्यासारखी. पीतांबर करडा, जास्वंद काळं, मूळ रंगात उरला होता तो फक्त मोदक. मी बायकोला म्हटलं, "पेणला कळवू नकोस." तिने बहिणीला कळवलं होतं.

दुपारच्या गाडीने साडूभाऊ आले. वर रेनकोट, खांद्याला पिशवी. पिशवीत केबल, शिंप्याची टेप आणि लोणच्याची बरणी बांधावी तसं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कागदांचं रीम. कोकणातल्या पावसात उघडा कागद ओल धरतो, मग टोनर त्याला धड चिकटत नाही, म्हणून ते कागद घरून आणतात. पाय पुसता पुसता पहिला प्रश्न: "टेस्ट पेज काढलंत?"

पहिलं पान त्यांनी प्रिंटरच्याच बटणांवरून काढलं. निळसर, गुलाबी, पिवळा, काळा असे चार पट्टे लख्ख उमटले. "यात कॉम्प्युटरचा संबंधच नाही. म्हणजे चारही टोनर, ड्रम, फ्यूजर निर्दोष. टेस्ट पेज तर बरोबर येतंय!" मग ब्राउझर उघडून त्यांनी, आपण घरचा नंबर फिरवावा तसं, न बघता लोकलहोस्ट सहाशे एकतीस टाइप केलं. लिनक्सवर छपाईचा कारभार कप्स नावाची प्रणाली बघते. हा तिचा दरवाजा. तिथूनही टेस्ट पेज रंगीत आलं. मग पत्रिका पाठवली. करडी.

"कप्स पुन्हा चालू करून बघतो," ते म्हणाले.

"कप आत्ताच विसळलेत," आतून बायको म्हणाली, आणि चहा आला.

"थोडक्यात, प्रिंटर बिघडलाय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुलीच्या चारित्र्याबद्दल काही बोललो. "बिघडलाय कसं म्हणता? टेस्ट पेज..."

"बरोबर येतंय. बघितलं."

मग लॉगच्या ओळी सरकत असताना मला इतिहास ऐकावा लागला. तो दर वेळी ऐकावा लागतो. हे सगळं लिनक्स-प्रकरण मुळात एका प्रिंटरच्या वैतागातून सुरू झालं. साल १९८०. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने लेसर प्रिंटर भेट दिला. ("झेरॉक्सने झेरॉक्स मशीन नाही, प्रिंटर दिला!" हा विनोद याच जागी येतो. मी याच जागी हसतो.) त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रामर. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय त्यांना करायची होती. पण त्यासाठी लागणारा सोर्स कोड ज्याच्याकडे होता, त्याने करारावर बोट ठेवून नकार दिला. तो नकार स्टॉलमन विसरले नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि दोन्ही मिळून एक दिवस आमच्या घरात शिरले. एका माणसाचा कागद अडकला आणि माझी वामकुक्षी गेली.

तिसऱ्या तासाला साडूभाऊ आनंदाने ओरडले. टेस्ट पेजवर त्यांना एक बारीक ठिपका सापडला होता. त्याच्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. शिंप्याची टेप निघाली. "दर साडेसात सेंटिमीटरला! म्हणजे जे काही फिरतंय त्याचा घेर साडेसात, व्यास चोवीस मिलिमीटर. ड्रमच! त्याच्यावर ओरखडा असणार." मघाशी निर्दोष सुटलेला ड्रम असा पुन्हा कोठडीत गेला. हिशोब बिनचूक होता, फक्त आमच्या तक्रारीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पोट दुखतं म्हणून जावं आणि डॉक्टरांनी पाठीवरचा तीळ शोधून टाळ्या पिटाव्यात, त्यातली गत.

दिवेलागणीला खरा चोर सापडला. कप्सचं टेस्ट पेज सगळ्यांसाठी ठरलेल्या सेटिंगने छापलं जातं. माझी पत्रिका मात्र माझ्या खात्याच्या सेटिंगने छापली जात होती. ते सेटिंग एका लपलेल्या फाइलमध्ये बसलेलं. त्यात एकच ओळ, आणि त्या ओळीत रंगाच्या जागी 'ग्रे'. म्हणजे वरच्या ऑफिसात सगळं रंगीत आणि आमच्या खिडकीवर काळंपांढरं.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

साडूभाऊंनी फाइलची तारीख पाहिली. गेल्या दिवाळीची. दिवाळीत आमच्याकडे कोण मुक्कामाला होतं, हे दोघांनाही आठवलं. "टोनर वाचावा म्हणून..." ते पुटपुटले. मग ताठ बसले. "पण बघा, सिस्टिमची चूक नव्हतीच. सांगितलं तेच करत होती!" पुढच्या पाच मिनिटांत चाळीस पत्रिका निघाल्या. त्याआधी अर्थातच एक टेस्ट पेज निघालं.

पुढे गणपती आणायला पेणला गेलो. टेम्पोत मूर्तीभोवती कोंबायला रद्दी हवी होती. साडूभाऊंनी माळ्यावरून एक जुना गठ्ठा काढला. मी वरचा कागद उलगडला आणि थांबलो. पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रावर डोळे होते. नुसते डोळे. बातम्यांवर, जाहिरातींवर, निधनवार्तांवर, ओळीने डोळे. पन्नास तरी असतील.

"हा नको," म्हणत त्यांनी कागद काढून घेतला. "बाबांचे आहेत. कारखान्यात आखणी करायचे ना. सकाळी पहिले चार-पाच डोळे रद्दीवर काढायचे. हात बसला की मगच मूर्ती. बाकी रंग चुकला तर वरून देता येतो हो, पण डोळा एकदाच."

"तुम्ही नाही शिकलात?"

"शिकलो की." ते घडी घालत होते, जिथे आधीच घड्या होत्या, तिथेच. "रद्दीवर सुरेख यायचे. बाबा म्हणायचे, आता मूर्तीवर घे. मूर्तीसमोर बसलो की हात थरथरायचा." थोडं थांबून म्हणाले, "टेस्ट पेज तर बरोबर यायचं, साडूभाऊ."

मी दुसरा गठ्ठा उचलला. त्यात फक्त बातम्या होत्या.

परवा बायको डब्यांखालचे कागद बदलायला निघाली. तिला म्हटलं, राहू दे ते. रंग बरोबर आलेत.