गावाबाहेरचे कर्वेनगर

अण्णा कर्व्यांनी १८९६ साली काढलेला विधवांचा आश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. सनातनी पुण्याला तो जितका लांब तितका बरा वाटला. अण्णा मात्र तिथून रोज पायी फर्ग्युसनला शिकवायला येत. आज त्या माळाचे कर्वेनगर झाले आहे, आणि आश्रमाला नाके मुरडणाऱ्या पेठांची पुढची पिढी तिथे आणि शेजारच्या कोथरूडात हौसेने गृहकर्जाचे हप्ते फेडते. (पेठेतला वाडा बिल्डरला दिला, त्याचा हिशोब वेगळा.) नळ स्टॉपला दुमजली पूल आला, मार्च २०२२ मध्ये वनाजहून मेट्रो सुटली. आता कोथरूडकर आजी-आजोबांची एकच तक्रार असते: मुलाने बावधनला फ्लॅट घेतला, इतक्या लांब कोण जाणार?