गाढवीवरची क्रूझ

आमचे साडभाऊ नाईलवर क्रूझ करून आले आणि आमच्या घरची शांती गेली. आल्या आल्या त्यांनी टीव्हीला पेनड्राइव्ह जोडून अकराशे फोटो दाखवले. लक्सर ते अस्वान. एडफूला ससाण्याच्या तोंडाचा देव, कोम ओंबोला मगरीच्या तोंडाचा. प्रत्येक फोटोत देव मागे, साडभाऊ पुढे. आठशेव्या फोटोपाशी कोण कुणाच्या दर्शनाला आलंय तेच मला उमगेना. "सकाळी बुफे, दुपारी देऊळ, संध्याकाळी डेक!" ते म्हणाले. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"आपणही जाऊ," मी म्हणालो. "नदी, बोट, देवळं. रविवारी."

"इजिप्तला?"

"इटियाडोहला."

माझा युक्तिवाद तयार होता. अस्वानचं मोठं धरण 1970 साली पुरं झालं, आपलं इटियाडोहही 1970 चंच. जुळी भावंडं म्हणा ना; एक श्रीमंताघरी दत्तक गेलं. तिकडे नाईल, इकडे... इथे मी अडखळलो. कारण इटियाडोह ज्या नदीवर आहे तिचं नाव गाढवी. व्हायचं तेच झालं. बायकोने बहिणीला फोनवर सांगितलं, "आम्ही गाढवीवर फिरायला चाललोय." पलीकडून काळजीचा सूर आला, "का गं, स्कूटर बिघडली?"

जानेवारीतला रविवार. अर्जुनी मोरगावहून निघून गोठणगाव गाठलं. भोवती जंगलाचे डोंगर आणि मधे निळंशार पाणी. क्रूझ म्हणजे एका ढिवरबाबांचा डोंगा. "बसा जी, हालू नोका," एवढ्यात सुरक्षेच्या सगळ्या सूचना आटोपल्या. डेक एकच, त्यावरच बसायचं आणि त्यालाच धरायचं. बुडाशी चार बोटं पाणी होतं. बाबांनी माझ्या हाती डालड्याचा जुना डबा दिला. साडभाऊंच्या क्रूझवर पोहायचा तलाव होता म्हणे. आमच्याही होता, फक्त तो मला उपसायचा होता. बुफेत मुरमुरे होते. दोन्ही हात डब्यात गुंतल्यामुळे ते मी नुसते पाहिले.

काठाकाठाने जाताना बाबांनी विचारलं, "मिसर देशात का पाहालं जी पाव्हन्यानं?"

मी अबू सिंबेलची गोष्ट सांगितली. धरणाचं पाणी चढणार म्हणून 1964 ते 1968 या काळात डोंगरात कोरलेलं अख्खं देऊळ करवतीने कापलं, ठोकळ्यांवर आकडे घातले आणि जवळपास 65 मीटर वर नेऊन जसंच्या तसं उभं केलं.

बाबांचं वल्हं थांबलं. "देवाले उचललं ते बरं केलं. आन् मानसाईले?"

अकराशे फोटोंत तिथली माणसं कुठेच नव्हती. मी पुन्हा पाणी उपसू लागलो.

देवळं अजून बाकी होती. एडफूला बोटीतून उतरून टांग्याने देवळाकडे जातात, आम्ही स्कूटरने निघालो. पहिला मुक्काम गोठणगावजवळची तिबेटी वसाहत, नॉर्ग्येलिंग. घरदार, डोंगर, देवळं मागे टाकून ही माणसं 1972 च्या सुमारास इथे आली आणि धानाच्या बांध्यांशेजारी त्यांनी आपला मठ उभा केला. वाऱ्यावर पताका फडफडत होत्या. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं: देवाला उचलायला करवत लागते, माणसाला मात्र स्वतःच उठावं लागतं, आणि जाताना तो देवालाही घेऊन जातो. बायको आत शिरून हात जोडून आली आणि लगेच खरेदीकडे वळली. जपमाळ ओढणाऱ्या आजींना तिने विचारलं, "स्वेटर आहेत का?" आजी हसल्या. "स्वेटर? नागपूरला!" थंडीत अर्धी वसाहत शहरांत स्वेटर विकायला गेलेली असते.

दुसरा मुक्काम प्रतापगड. कोम ओंबोला एकाच देवळात दोन देव नांदतात, यावर साडभाऊ अर्धा तास बोलले होते. प्रतापगडच्या डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला दोन्हीकडे गर्दी उसळते आणि तिकीट कुठेच नसतं. चढताना निम्म्यावर बायको थांबली. "भाऊजींच्या क्रूझवर लिफ्ट होती," ती म्हणाली.

वर टेकून मी तिला समजावलं की खरी क्रूझ पाण्याचीच. धान पिकवून उरलेली गाढवी वैनगंगेला मिळते. ती वैनगंगा पुढे मार्कंड्याला उत्तरेकडे वळून जुन्या कोरीव देवळांच्या पायाशी जाते. ती म्हणाली, "आपण बाबांच्या झिंग्यांकडे वळू."

आम्ही पुन्हा धरणावर आलो. झिंगे मोजून देताना बाबांनी दुसरा प्रश्न टाकला, "मिसरात झिंगे भेटतेत का जी?" मी तिथूनच साडभाऊंना फोन लावला.

"बुफेत होते," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. "तुझ्या वहिनीने... म्हणजे तुझ्या बायकोने रस्सा केलाय का?"

पुढच्या रविवारी ते आले. पेनड्राइव्ह नव्हता, पिशवी होती. मी त्यांना मानाने डोंग्यात बसवलं आणि डालड्याचा डबा त्यांच्या हाती दिला.