श्री. टेम्प यांस, सप्रेम नमस्कार

श्री. टेम्प,
मुक्काम पोस्ट सी ड्राइव्ह, यूजर्स फोल्डर.

स. न. वि. वि.

परवाच्या गुरुवारी आपण आमच्या ऑफिसात पुन्हा पायधूळ झाडलीत, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. गुरुवार हा पुण्यात देखभालीसाठी लाइट घालवण्याचा वार, हे आपल्याला पाठ असावं. त्यात मार्चअखेर. हिशेबाच्या मॅडमच्या मशीनचा एसएमपीएस सकाळीच उडाला, म्हणून त्या शेजारच्या रिकाम्या टेबलावर बसल्या. गेलेले लाइट आले, त्यांनी पासवर्ड टाकला. पासवर्ड तपासणारा सर्व्हर उठला होता. त्यांचं प्रोफाइल, म्हणजे फायली आणि आवडीनिवडी, ठेवलेला सर्व्हर मात्र अजून डिस्क तपासत बसला होता. त्या मशीनवर मॅडम पूर्वी कधी बसलेल्या नव्हत्या, त्यामुळे तिथं त्यांची जुनी प्रतही नव्हती. एवढी फट आपल्याला, म्हणजे टेम्पररी प्रोफाइलला, पुरली. ‘वेलकम’ म्हणत आपण दार उघडलंत.

आणि काय ते आदरातिथ्य! वॉलपेपरवरचे दगडूशेठ गणपती गेले, कोरा निळा पडदा आला. मराठी कीबोर्ड गेला. डेस्कटॉपवर रीसायकल बिन तेवढा एकटा. आपण सूचना दिलीत हे कबूल. इंग्रजीत, कोपऱ्यात, क्षणभर. मॅडमना वाटलं, दुसऱ्याचं मशीन आहे, असंच असेल. चार तास त्यांनी बिलं एक्सेलमध्ये चढवली, डेस्कटॉपवर सेव्ह केली, शहाण्यासारखं शटडाउन केलं. आणि आपण शिस्तीत अख्खा फोल्डर पुसलात. धर्मशाळेतसुद्धा उतारूचं सामान निदान ओसरीवर काढून ठेवतात हो.

आपल्याला रान मोकळं मिळतं ते आमच्या रोमिंग प्रोफाइलमुळे, हेही मान्य. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी ही सोय. लॉगिन केलं की सगळा संसार सर्व्हरवरून मशीनवर, लॉगआउट केलं की बदललेलं सगळं परत. वॉलपेपर, प्रिंटर, कीबोर्ड यांच्या आवडीनिवडी एनटीयूजर.डॅट नावाच्या एका फायलीत, आणि डेस्कटॉपवर ठेवाल ते सोबत. आमच्या एका साहेबांनी तिथं मुलाच्या मुंजीचा साडेपाच जीबीचा व्हिडिओ ठेवला होता. जिथं नव्यानं बसतील तिथं भटजींसकट सगळं वऱ्हाड आधी उतरायचं, मग साहेबांचं लॉगिन. तोवर दोन चहा. शिवाय विंडोज ७ चं बिऱ्हाड व्ही२ नावाच्या फोल्डरात, तर विंडोज १० चं, ऑगस्ट २०१६ च्या आवृत्तीपासून, व्ही६ मध्ये. दोन्ही मशीनवर बसणारा आमचा शिपाई म्हणजे दोन घरचा पाहुणा. त्याला कुठंच काही सापडत नाही.

पण आपला खरा पराक्रम मी विंडोजच्या रजिस्ट्रीत पाहिला. एकदा आवक-जावकच्या टेबलावर अँटिव्हायरसनं ती डॅट फाइल दाबून धरली होती, म्हणून प्रोफाइल उघडेना. प्रोफाइललिस्ट उघडून बघतो तर एस-१-५-२१ नं सुरू होणारा, वापरणाऱ्याचा तोच लांबलचक नंबर दोनदा. मूळ मालकाच्या नंबरापुढे ‘.बॅक’ चिकटवून आपण त्याला माळ्यावर टाकलेलं, आणि त्याचीच पाटी दारावर ठेवून आत स्वतः राहायला! इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५१५ आणि १५११ अशा नोंदीही रीतसर केलेल्या. वाड्यातले जुने भाडेकरू पाहिलेत मी, पण पावती फाडून घर बळकावणारा पहिलाच. आपली चावी हटवली, मालकाची ‘.बॅक’ काढली, स्टेट शून्यावर आणलं, मशीन रीस्टार्ट केलं. (ऑफिसचं म्हणणं: ‘तेवढंच तर केलंस, रीस्टार्ट!’)

मॅडमची बिलं मात्र परत आली नाहीत. रात्री साडेआठपर्यंत त्यांनी ती पुन्हा चढवली. मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवले.

आपला नसलेला,
आयटीवाला

ता. क. त्या शेजारच्या टेबलावरच्या मॉनिटरच्या कडेला आता मॅडमच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: ‘गणपती दिसल्याशिवाय काम सूरू करू नये. हुकुमावरून.’ मी त्यातला ‘सु’ तेवढा ऱ्हस्व केला.