रू आणि रु.

केजन स्वयंपाक म्हणजे अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या दक्षिण भागात, दलदली, खाड्या आणि भातखाचरे यांच्या सोबतीने वाढलेला फ्रेंचभाषक ग्रामीण कुटुंबांचा स्वयंपाक होय. आणि त्या राज्यापासून दूर राहणाऱ्याने तो स्वस्तात व सोप्या रीतीने करावा की करू नये, हा वाद दोन माणसे, एक शेगडी आणि एक धूरसूचक घंटा एकाच खोलीत आली की सुरू होतो. प्रस्तुत संवादातील पहिले पात्र परंपरानिष्ठ असून त्याचा जन्म लाफायेट शहराच्या परिसरातला, परंतु वास्तव्य मात्र कित्येक वर्षे मिनेसोटा राज्यातील मिनीॲपोलिस शहरात आहे, जिथे जानेवारीत पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत उतरतो आणि धूर झाला म्हणून खिडकी उघडण्याची सोय राहत नाही. दुसरे पात्र काटकसरी असून ते त्याच घराचे अर्धे भाडे भरते आणि ‘केजन’ असे लेबल लावलेल्या बाटलीतील लाल भुकटी बटाट्यापासून मक्याच्या लाह्यांपर्यंत सर्वत्र शिंपडते. अशी माणसे प्रत्यक्षात इतक्या ग्रांथिक भाषेत भांडत नाहीत. तथापि भांडण स्वयंपाकाचे असले की प्रत्येक जण आपल्या मते ग्रंथच सांगत असतो, म्हणून ही सवलत घेतली आहे.

परंपरानिष्ठ : या बाटलीवरच्या घटकांच्या यादीत पहिले नाव मिठाचे आहे आणि अशा यादीत जे सर्वाधिक असते तेच पहिले लिहितात, तेव्हा आजवर आपण ज्याला केजन म्हणत आलात ते तांबडे मीठ होते.

काटकसरी : तांबडे मीठ दोन डॉलरांत येते आणि वर्षभर पुरते, हा त्याचा दोष नसून गुण आहे. शिवाय केजन म्हणजे तिखटजाळ, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे.

परंपरानिष्ठ : साऱ्या देशाला जे ठाऊक आहे ते 1980 च्या दशकात ठाऊक झाले. ऑपेलूसस गावच्या पॉल प्रुडोम यांनी 1979 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये उपाहारगृह काढले आणि माशाचा तुकडा लोण्यात बुडवून, मसाल्यात घोळवून, धगधगत्या बिडाच्या तव्यावर काळा होईपर्यंत भाजण्याची रीत अशी गाजवली की त्या रेडफिश नावाच्या माशाची मागणी बेसुमार वाढून त्याच्या मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. बाकीच्यांनी मासा सोडला आणि मसाला तेवढा उचलला. खेड्यातल्या घरी रांधलेले केजन जेवण मात्र बहुधा सौम्य असते, आणि त्यात तिखटापेक्षा खमंगपणाला मान असतो.

काटकसरी : खमंगपणा कोणत्या बाटलीत मिळतो?

परंपरानिष्ठ : तो बाटलीत मिळत नाही. त्याला रू म्हणतात.

येथे खुलासा आवश्यक आहे. रू म्हणजे तेल आणि गव्हाचे पीठ समप्रमाणात घेऊन मंद आचेवर सतत ढवळत भाजलेले मिश्रण. मराठी छपाईत रुपयांसाठी वापरल्या जाणाऱ्या ऱ्हस्व ‘रु.’शी त्याची गल्लत करू नये, जरी या वादात दोन्ही पणाला लागलेले असले तरी. गंबो नावाचे जे दाट कालवण भातावर वाढतात त्याचा पाया हाच रू असतो. तो प्रथम पांढरट, मग शेंगदाण्याच्या कुटासारखा, मग तांब्याच्या नाण्यासारखा आणि अखेरीस चॉकलेटसारखा होतो, आणि या प्रवासाला पाऊण तास लागतो. बेसनाच्या लाडवांसाठी ज्याने कढईजवळ उभे राहून हात दुखेपर्यंत उलथने फिरवले आहे त्याला यापुढे काही समजावण्याची गरज नाही, कारण तोच वास, तीच घाई करण्याची इच्छा आणि तेच शेवटच्या दोन मिनिटांत घात होण्याचे भय येथेही असते. फरक इतकाच की लाडवाच्या बेसनाला चॉकलेटचा रंग आला तर गृहिणी कपाळाला हात लावते, आणि केजन गृहिणी तिथून पुढे भाज्या चिरलेल्या आहेत की नाहीत ते पाहते.

काटकसरी : एक वाटी पीठ आणि एक वाटी तेल यांचा खर्च एका डॉलरच्या आत बसतो, हे ऐकून समाधान वाटते. भाज्या कोणत्या?

परंपरानिष्ठ : कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची. या तिघांना तिकडे पवित्र त्रयी म्हणतात.

काटकसरी : सेलरीचे दोन दांडे लागतात, पण दुकानदार दहा दांड्यांचा जुडगा विकतो. उरलेले आठ दांडे फ्रीजच्या तळाशी पिवळे पडून पंधरा दिवसांनी कचऱ्यात जातात, म्हणजे पवित्र त्रयीतील एका देवतेचे दर पंधरवड्याला विसर्जन होते. तिच्याऐवजी घरात पडून असलेले गाजर घातल्यास काय बिघडेल?

परंपरानिष्ठ : गाजर घातल्यास ती फ्रान्सची त्रयी होते. कांदा, सेलरी आणि गाजर हा फ्रेंच पाया. गाजराच्या जागी ढोबळी मिरची आली तेव्हाच ते लुइझियानाचे झाले.

काटकसरी : म्हणजे ज्या बदलाने ही पाकपद्धती जन्माला आली तो बदल पवित्र, आणि तोच मागे फिरवला तर पाप.

परंपरानिष्ठ पात्राने या विधानाला उत्तर न देता सुरी धुण्यास घेतली. सेलरीपुरता निर्णय नंतर झाला तो असा की तिन्ही भाज्या एकदमच बारीक चिराव्यात, एका वेळेपुरत्या एकेका पिशवीत भरून गोठवाव्यात, आणि गोठवलेली भाजी मऊ पडते ही तक्रार करू नये, कारण रूमध्ये ती तशीही मऊच व्हायची असते. खरा संघर्ष सॉसेजवर झाला. आन्दूई हे लसूण आणि मिरी घालून लाकडाच्या धुरात मुरवलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज असून, मिसिसिपी नदीकाठचे लाप्लास हे गाव स्वतःला त्याची जागतिक राजधानी म्हणवते.

परंपरानिष्ठ : लाप्लासहून बर्फात घालून मागवता येते. सॉसेजचे बारा डॉलर आणि पाठवणीचे तीस.

काटकसरी : नाकापेक्षा मोती जड झाला. कोपऱ्यावरच्या दुकानात किल्बासा, म्हणजे पोलंडकडचे लसूण घातलेले धुरावलेले सॉसेज, चार डॉलरांना आहे. या शहराच्या ईशान्य भागात पोलिश वस्ती जुनी असल्याने ते ताजेही असते.

परंपरानिष्ठ : दुधाची तहान ताकावर भागवण्याचा हा प्रकार आहे. आमच्या पूर्वजांनी जे खाल्ले—

काटकसरी : पूर्वजांचा विषय निघाला हे उत्तम झाले, कारण त्यांच्याविषयीचे पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयात फुकट मिळते. आपले पूर्वज लुइझियानाचे नव्हतेच. ते आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे, त्या काळच्या अकेडियाचे फ्रेंच शेतकरी होते. इंग्रजांनी 1755 पासून त्यांना घरादारातून हाकलून जहाजांत कोंबले, त्यांतले काही 1765 च्या सुमारास लुइझियानात पोहोचले, 1785 मध्ये फ्रान्समध्ये अडकलेले आणखी सुमारे 1,600 जण सात जहाजांतून आले, आणि ‘अकेडियन’ या शब्दाची बोलता बोलता झीज होऊन ‘केजन’ झाले. गव्हाची भाकरी खाणाऱ्या त्या लोकांना नव्या दमट मुलुखात गहू पिकेना, म्हणून त्यांनी मका पत्करला आणि पुढे भात. आता आपल्या पवित्र पातेल्याकडे पाहावे. भेंडी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली, आणि गंबो हे नावच मुळी आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून पडले. फिले, म्हणजे सॅसाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, ही चोक्तॉ या मूळनिवासी लोकांची. लाप्लास तर ज्या किनाऱ्यावर आहे त्याचे नावच जर्मन किनारा. फ्रेंच, आफ्रिकी, चोक्तॉ आणि जर्मन एवढे जण एका पातेल्यात मावतात, मग पोलंडच्या माणसालाच दारात का उभे करावे?

परंपरानिष्ठ : हे सर्व खरे आहे, तथापि ते तिथे घडले. मातीचा गुण असतो.

काटकसरी : मातीचा प्रश्न नकाशाने सुटतो. अकेडियातील ग्राँ-प्रे हे गाव, जिथून ती हकालपट्टी झाली, ते उत्तर गोलार्धात 45 व्या अक्षांशावर आहे, आणि हे मिनीॲपोलिसही 45 व्याच अक्षांशावर आहे. म्हणजे आपण गाव सोडून आलेला नाहीत. अडीचशे वर्षांनी घरी परतला आहात, थंडीसकट.

या युक्तिवादाने परंपरानिष्ठ पात्र काही काळ निःशब्द झाले, आणि त्याच काळात त्याचा ढवळता हातही थांबला, ही गोष्ट पुढील घटनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

परंपरानिष्ठ : तिकडे एक दंतकथा सांगतात. अकेडियाचे लोक निघाले तेव्हा तिथले लॉबस्टर, म्हणजे मोठ्या नांग्यांचे शेवंडे, त्यांच्या प्रेमापोटी मागोमाग निघाले. वाट इतकी लांब होती की चालून चालून ते झिजले आणि लुइझियानात पोहोचेपर्यंत बोटाएवढे झाले. तेच आजचे क्रॉफिश, चिखलात राहणारे.

काटकसरी : म्हणजे महागड्या पदार्थाला स्वस्त पर्याय शोधावासुद्धा लागला नाही, तो स्वतः चालत आला. इथवर यायला त्याला आणखी दोन हजार किलोमीटर पडतील, तेव्हा त्याच्या जागी गोठवलेली कोळंबी किंवा—

येथे घंटा वाजली. तवा काळवंडला होता असे नव्हे; रूचा रंग उलट पाहण्यासारखा आला होता, परंतु त्यात मोहरीएवढे काळे ठिपके तरंगत होते आणि वास खमंगपणाची हद्द ओलांडून कडवटपणात शिरला होता. काटकसरी पात्राने खुर्चीवर चढून टॉवेल हलवण्यास आरंभ केला.

काटकसरी : ठिपके गाळून घेता येतील. पातेले मोठे आहे, पाणी घातले की कोणाला कळणार नाही, आणि हवे तर वर ही भुकटी टाकता येईल.

परंपरानिष्ठ : काहीही गाळले जाणार नाही. करपलेल्या रूचा कडूपणा तीन लिटर पाण्यातही लपत नाही. सॉसेज फ्रेंच बोलो की पोलिश, कोंबडी कोणत्याही दुकानातली असो, गाजराबद्दलही एखाद्या अशक्त क्षणी बोलता येईल. परंतु हा टाकावा लागेल. गंबोच्या पाककृती बहुधा रू करण्यापासूनच सुरू होतात त्यामागे काटकसरच आहे, कारण या टप्प्यावर माणूस चुकला तर जाते ते केवळ पीठ आणि तेल, मांस अजून बाहेर असते.

काटकसरी : म्हणजे एका डॉलरचे नुकसान.

परंपरानिष्ठ : आणि पाऊण तासाचे.

काटकसरी : पाऊण तास कोणत्या खात्यात लिहावा हे किराण्याच्या वहीत ठरलेले नाही. पण उभे न राहता हे होणार नाही का?

परंपरानिष्ठ पात्राने आढेवेढे घेत जे कबूल केले ते असे की रू ओव्हनमध्येही होतो: जाड बुडाच्या भांड्यात तेल-पीठ कालवून सुमारे 175 अंश सेल्सियसला ठेवावे, दर वीस मिनिटांनी ढवळावे, आणि दीड-दोन तासांत रंग येतो. वेळ दुप्पट लागतो, परंतु माणूस मोकळा राहतो. आणि मिनीॲपोलिसच्या जानेवारीत दोन तास पेटलेला ओव्हन खोलीही उबदार करतो, हे काटकसरी पात्राने वहीत तत्काळ जमेच्या बाजूला मांडले. ही युक्ती आधी का सांगितली नाही, या प्रश्नावर ‘आजी पाहील’ एवढेच उत्तर मिळाले. आजी 2,000 किलोमीटरवर होती.

रू चॉकलेटी होऊन शेगडीवर आला आणि चिरलेली त्रयी त्यात पडली, तेव्हा जो चर्र आवाज होऊन गोडसर धूरकट वाफ उठली तिने वाद काही क्षण मिटवला. भाज्यांतल्या पाण्याने तापमान उतरते आणि रू तिथेच थांबतो, म्हणून त्या आधीच चिरून हाताशी ठेवायच्या असतात. शिवाय या अवस्थेतला थेंब साखरेच्या पाकासारखा कातडीला चिकटून भाजतो, म्हणून बाह्या खाली सोडलेल्या बऱ्या. पुढचे सोपे आहे. किल्बासाच्या चकत्या परतून, हाडासकट घेतलेल्या कोंबडीच्या मांड्या आणि तीन लिटर पाणी घालून दीड तास मंद उकळत ठेवले, कारण हाडासकटचे मांस स्वस्तही असते आणि त्याचा रस्सा वेगळा विकत घ्यावा लागत नाही.

परंपरानिष्ठ : रू जितका गडद, तितका तो रस्सा कमी दाट करतो, कारण पिठातले स्टार्च भाजताना तुटते. त्यामुळे दाटपणासाठी भेंडी किंवा फिले लागते. फिले मिळाल्यास ते आचेवरून उतरवल्यावरच घालावे, नाहीतर तार सुटते.

काटकसरी : फिलेची कुपी सात डॉलर, गोठवलेली भेंडी दीड डॉलर. निकाल लागला.

मराठी स्वयंपाकघरात भेंडीचा बुळबुळीतपणा जावा म्हणून ती पुसतात, उन्हात ठेवतात आणि तिच्यावर आमसूल टाकतात, आणि गंबोत ती नेमकी त्या बुळबुळीतपणासाठी घेतात, ही गोष्ट परक्या मुलुखात भेंडी शिजवणाऱ्या मराठी माणसाने ध्यानात ठेवावी.

हिशेब असा झाला : कोंबडी सहा डॉलर, किल्बासा चार, भाज्या आणि भेंडी चार, तांदूळ एक, रू एक आणि करपलेला रू एक, एकूण सतरा डॉलरांत आठ वाढपे, म्हणजे माणशी दोन डॉलरांहून किंचित अधिक. जेवण रात्री साडेदहाला झाले. काटकसरी पात्राने पहिला घास घेतल्यावर बाटलीकडे हात नेला, परंपरानिष्ठाकडे पाहिले आणि हात मागे घेतला. परंपरानिष्ठाने किल्बासाची चकती बराच वेळ चावून ‘धूर कमी आहे’ असा अभिप्राय दिला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले. गंबो दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, म्हणून उरलेला डब्यांत भरून ठेवला. सेलरीचे आठ दांडे अद्याप फ्रीजमध्ये आहेत.